मदत हवी आहे: भीमाशंकर, शिडी घाटाने चढून गणेश घाटाने उतरायचं, एका दिवसात

डोंगरभटक्या:
ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चौघं जातोय. खांडस (पायथ्याचं गाव) – शिडी घाट – पदरवाडी (मधल्या पठारावरची वाडी, दोन्ही घाटवाटा इथे मिळतात) – भीमाशंकर – गणेश घाट – खांडस. तिघांना कातळाची सवय आहे. चौथा नवखा आहे आणि उतारावर त्याचा गुडघा दुखतो. वेळ पुरेल का? दोर न्यावा का? आणि पठारावर वाट चुकते म्हणतात, ती नेमकी कुठे?

कातळखोबण:
दिशा बरोबर निवडलीत. शिडी चढताना पाय कुठे ठेवायचा ते दिसतं, उतरताना नाही. उलटा फेरा करूच नका.

वेळेचं म्हणाल तर खांडसहून ७ ला निघा. दोनेक किलोमीटरवर पूल लागतो. तिथून डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. ९.३० पर्यंत शिड्या, ११ पर्यंत पदरवाडी, १२.३० ते १ दरम्यान भीमाशंकर. २ ला परत फिरलंच पाहिजे. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि रानात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं.

दोर न्याच: २० मीटर, ९ मिमी, सोबत नवख्यासाठी हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), दोन स्लिंग (शिवलेले पट्टे) आणि दोन स्क्रूवाले कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या). दोर शिडीला किंवा रेलिंगला बांधायचा नाही, मांडीएवढ्या जिवंत झाडाच्या बुंध्याला बांधा. शिडीवर एका वेळी एकच माणूस. पाय पायरीच्या मधोमध न ठेवता उभ्या दांड्यालगत ठेवा. गंजलेली पायरी आधी मधेच वाकते. गडबड होते ती शिडी संपते तिथे. हात दांड्यावरून कातळावर न्यायचा असतो, नेमकी तेव्हाच बाहेर लोंबणारी बाटली किंवा मॅट अडकते आणि माणूस मागे ओढला जातो. सगळं सॅकच्या आत. काठीसुद्धा घडी करून आतच.

रानमेवा:
दोर ठीक आहे, पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे परतीचा पाऊस. सकाळी कडक ऊन आणि दुपारी ३ नंतर गडगडाट, हे नेहमीचंच. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर शिड्यांच्या टप्प्याला धबधब्याचं पाणी वाहतं. वरून सुकलेलं दिसणारं शेवाळ फसवतं, बुटाने घासून बघा. हिरवट चिखल निघाला की मागे फिरा आणि गणेश घाटानेच चढा. तास-दीड तास जाईल, पण फेरा हुकला म्हणून रडू नये. पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते उठलेत का तेही निघण्यापूर्वी विचारून घ्या.

कातळखोबण:
मान्य. ओल्या कातळावर दोर असूनही उपयोग नाही, पायच टिकत नाही.

पठारी:
वाटेचं सांगतो. हा फेरा म्हणजे दोन्ही घाटांच्या मधे उभ्या असलेल्या पदरगडाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घातलेली प्रदक्षिणा. शिडी घाट चढताना गड उजव्या हाताला आणि गणेश घाट उतरतानाही उजव्याच हाताला. परतीच्या उतारावर गड डावीकडे दिसायला लागला, तर तुम्ही शिडी घाटाच्या नाळेत (घळीत) शिरलाय. तिथेच थांबून परत पठारावर या. लोक चुकतात ते इथेच; गवत कमरेएवढं झालेलं असतं आणि गुरांच्या वाटा पायवाटेपेक्षा ठळक दिसतात. जाताना पदरवाडीच्या पठारावर दोन्ही घाटांच्या फाट्यावर उभं राहून मागे वळून एक फोटो काढा, येताना दिसणारं दृश्य तेच असतं.

वरच्या जंगलात फांदीला हात घालण्याआधी बघा. चापडा हा विषारी साप पानांच्याच रंगाचा असतो आणि हलत नाही. वर शेकरू दिसलं तरी चालता चालता बघू नका, मुळं निसरडी असतात.

पाणी माणशी ३ लिटर आणि ओआरएसची दोन पाकिटं. खालच्या टप्प्यात वारा नसतो, घाम फार जातो. पदरवाडीच्या टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका.

डोंगरभटक्या:
आभारी आहे. गुडघ्याचं काय करावं?

रानमेवा:
गणेश घाट सोपा, पण लांब आणि दगडगोट्यांचा. तीन-साडेतीन तास गुडघ्यावर मार बसतो. नी-कॅप, दोन काठ्या, छोटी पावलं. पदरवाडीलाच दुखायला लागलं तर देवळापर्यंत जाऊ नका, तिथूनच गणेश घाट धरा. प्रदक्षिणा पुरी होते आणि तीन तास वाचतात. वर पोहोचल्यावर दुखलं तर त्याच्यासोबत एकाने एसटीने पुण्याकडे उतरावं. म्हणून चौघांचे पैसे आणि चार्जर एकाच सॅकमध्ये ठेवू नका.

पठारी:
आणि गणपतीचं देऊळ दिसलं की उतार संपत आला समजा. टॉर्च मात्र प्रत्येकाकडे हवा, मोबाइलचा नव्हे.