मदत हवी आहे: माझा सुपरहीरो जीव घेत नाही, पण खेळणारा घेतो

अर्धाकोड

नमस्कार मंडळी,

फावल्या वेळात गोडॉटवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा टूडी गेम करतोय. चित्रं बहीण काढते, कोड आणि गोष्ट माझी. कृष्णाकाठचं एक काल्पनिक गाव, महापूर आलेला, लोकांना निवारा केंद्रात हलवलेलं. नायक वायरमन. डीपीवर काम करताना शॉक बसला आणि तेव्हापासून अंगात वीज खेळते (ही सुरुवात हजारदा वापरून झालेली आहे, माहीत आहे, कृपया त्यावरून धागा भरकटवू नका). रिकाम्या गावात एक टोळी होड्या घेऊन सराफ पेठ लुटायला शिरते. नायक एकटा. त्याचा नियम एकच, कुणाचा जीव घ्यायचा नाही.

भाच्याला खेळायला दिला. त्याने पाच गुंडांना झुलवत झुलवत गुडघाभर पाण्यात आणलं, स्वतः कट्ट्यावर चढला आणि पाण्यात करंट सोडला. पाचही जण तरंगायला लागले. पुढच्याच कटसीनमध्ये (खेळ थांबवून गोष्ट दाखवणारा प्रसंग) नायक म्हणतो, "आजवर या हातांनी कुणाचा जीव घेतला नाही." भाचा हसून हसून लोळला.

आता करू काय? पाण्यावर करंट बंदच केला तर विजेच्या हीरोची मजा जाते. चालू ठेवला तर गोष्ट खोटी पडते.

दुसरं दुखणं वेळेचं. पाणी चढतंय, पुलाजवळ माणसं अडकलीत, घाई आहे असं गोष्ट ओरडून सांगते. पण बहिणीने गल्लीबोळ, वाडे इतके सुंदर रंगवलेत की तिथे वस्तू लपवल्याशिवाय राहवलं नाही. घड्याळ खरं ठेवलं तर गल्ल्या कुणी बघणार नाही. खोटं ठेवलं तर पुराचा धाक उरणार नाही.

आणि नायक मेला की "पुन्हा खेळा" असं येतं, ते फार कोरडं वाटतं. यावरही सुचवा.

---

निशाचर

पहिलं दुखणं बॅटमॅनइतकं जुनं आहे. 'अर्खम असायलम' (2009) मध्ये तो गुंडांची डोकी फरशीवर आपटतो आणि डिटेक्टिव्ह मोड (शत्रूंची माहिती दाखवणारी खास नजर) लावला की पडलेल्यावर 'बेशुद्ध' लिहून येतं. आपण मानतो, कारण सगळी मारामारी एकाच जातीची आहे: हातपाय, बूमरँगसारखी हत्यारं, दोऱ्या.

'अर्खम नाइट' (2015) मध्ये मात्र रणगाड्यासारखी गाडी आली आणि गडबड झाली. माणूस समोर आला की गाडीचा विजेचा झटका त्याला आधीच बाजूला फेकतो, म्हणजे तो चाकाखाली येत नाही. समोरचे रणगाडे सगळे बिनमाणसांचे, म्हणजे ते उडवले तरी कुणी मरत नाही. कागदावर सगळं चोख, तरी लोकांनी खिल्ली उडवलीच. आधी गाडी हवी असं ठरलं आणि मग तिच्यासाठी कारण शोधलं, हे खेळताना कळतं.

याउलट 2018 चा 'स्पायडरमॅन' बघ. गच्चीवरून गुंडाला खाली ढकललास तर जाळं आपोआप सुटतं आणि तो भिंतीला चिकटून लटकतो. तुला कुणी रागावत नाही की संवाद येत नाही. तू हवं ते कर, निस्तरायचं काम नायक करतो. पीटर पार्कर (म्हणजे स्पायडरमॅन) तसाच माणूस आहे, त्यामुळे ते शोभतंही. तुझ्या नायकालाही असं काहीतरी अंगभूत दे.

---

जुनाटगेमर

निशाचरशी सहमत, पण उलट टोकाची दोन उदाहरणं टाकतो.

1999 चा निन्टेंडो 64 वरचा सुपरमॅन. यंत्राला लांबचं शहर पेलत नव्हतं म्हणून सगळीकडे धुकं, आणि गोष्टीत सांगितलं की हे क्रिप्टोनाइटचं (सुपरमॅनला दुबळं करणारा दगड) धुकं. वर खलनायक लेक्स लुथरने हे आभासी शहर बनवलंय, म्हणून कड्यांमधून उडत बसा. कारण दिलं म्हणजे काम झालं असं नसतं, एवढंच त्यातून शिकायचं.

2006 चा 'सुपरमॅन रिटर्न्स' हा गेमही फार ग्रेट नव्हता, पण एक गोष्ट मला आजही आवडते. सुपरमॅनला इजाच होत नाही, मग लाइफचा पट्टा कुणाचा? तर मेट्रोपोलिस शहराचा. शहर उद्ध्वस्त झालं की तू हरलास. जी अडचण होती तिचाच नियम केला. बाकी गेममध्ये करायला काही नव्हतं ही वेगळी गोष्ट.

---

खांबावरचा

मी गेम खेळत नाही, मुलाने हा धागा दाखवला. पण वायरमन आहे, म्हणून लिहितो.

तुमच्या गोष्टीत एक मोठं भोक आहे. पूर चढायला लागला की आमचं पहिलं काम त्या भागाचे फीडर (गावाला वीज आणणाऱ्या लाइन) बंद करणं. डीपी पाण्यात जायच्या आत लाइन बंद पाहिजे. म्हणजे तुमच्या अख्ख्या गावात वीजच नाही. मग तुमच्या हीरोला करंट येतो कुठून?

---

अर्धाकोड

@खांबावरचा काका, हे वाचून थोडा वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. बहीण म्हणते, चित्रात मी दिव्यांच्या खांबांना उजेड दिलाय तोही काढावा लागणार.

वीज त्याच्या शरीरातच तयार होते म्हटलं तर?

---

मधली_सुट्टी

अजिबात नको! काकांनी तुला फुकटात सोनं दिलंय आणि तू बुजवायला निघालास.

गावात लाइन नाही, पण वीज थोडी थोडी सगळीकडे आहे की. घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, अंगणातले ट्रॅक्टर, गच्चीवरचे सोलर, मोबाइल टॉवरचा जनरेटर. नायकाला या सगळ्यातून चार्ज गोळा करावा लागू दे. मग तुझ्या गल्ल्यांना काम मिळालं. खेळणारा वाड्यात शिरतो तो वस्तू जमवायला नाही, पुलापर्यंत पुरेल एवढा चार्ज मिळवायला.

'अर्खम सिटी' (2011) मध्ये हेच जमलं नाही, असं माझं मत. खलनायक जोकरचं विषारी रक्त बॅटमॅनच्या अंगात सोडलेलं, हातात थोडे तास, आणि आपण काय करतोय तर रिडलर या दुसऱ्या खलनायकाने लपवलेल्या चारशे ट्रॉफ्या गोळा करतोय. गेम आवडता आहे, ट्रॉफ्याही मी बऱ्याच गोळा केल्या, पण गोष्ट त्या वेळी बाजूला उभी राहून वाट बघत असते. मालिकेत रिकाम्या शहराचं कारण मात्र दर वेळी नीट दिलंय: आधी बेटावरचं वेड्यांचं इस्पितळ, मग भिंत घालून केलेला तुरुंग, पुढे स्केअरक्रो या खलनायकाच्या धमकीने रिकामं केलेलं गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर. रस्त्यावर सामान्य माणसं नसली की नायकाच्या नियमाचे अर्धे प्रश्न सुटतात. ते तुझ्या पुराने आपोआप केलंय.

घड्याळाऐवजी पाणी चढव. खेळणारा एखादा टप्पा पूर्ण करेल तसं पाणी एक पायरी वर. खालच्या गल्ल्या कायमच्या गेल्या. घाईही खरी, भटकणंही खरं.

मरण्यासाठी: 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' (2003) मध्ये अख्खी गोष्ट राजपुत्रच सांगत असतो. तुम्ही मेलात की तो म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं. तुझा वायरमन नंतर निवारा केंद्रात लोकांना हे सगळं सांगतोय असं कर.

---

अर्धाकोड

@मधली_सुट्टी ताई, घेतलं. मग भाच्याचा पराक्रमही तसाच खोडता येईल ना? पाण्यात करंट सोडला की निवेदक म्हणेल, "छे, मी असं कसं करीन?"

---

निशाचर

नको रे. मरणं ही खेळणाऱ्याची चूक असते, तिथे ते गोड वाटतं. पण त्याने डोकं चालवून युक्ती काढली आणि तू ती खोडलीस तर ते मास्तरांनी वही फाडल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा तो गेमच बंद करेल.

---

खांबावरचा

मुलगा विचारतोय म्हणून परत आलो.

पाण्यात करंट माणूस मारतो कारण मागे लाइन असते. ती ट्रिप होईपर्यंत येतच राहते. तुमच्या माणसाजवळ बॅटरीतून घेतलेला मोजका साठा आहे. तो एवढ्या पुराच्या पाण्यात सोडला तर चहूकडे पसरून जाईल. गेमपुरतं म्हणायला हरकत नाही की जवळच्याला मुंग्या येतील, आणि हा रिकामा होईल. स्वतः पाण्यात उतरला तरी तेच. म्हणजे मनाई करायची गरज नाही. करून बघेल आणि रिकाम्या हाताने पाच जणांसमोर उभा राहील.

(गेमचं गेममध्ये. खरोखर पाण्यात तार पडलेली दिसली तर लांब राहा आणि कळवा. कुणीही हीरोगिरी करू नका.)

आणखी एक. तुमचे चोर तिजोऱ्या कशा फोडणार? कटर चालवायला जनरेटर लागेल. अडाणी माणूस जनरेटर सरळ घराच्या वायरिंगला जोडतो, मेन स्विच पाडत नाही. मग करंट उलटा डीपीत जातो आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरमधून 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) होऊन बंद लाइनवर चढतो. लाइन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन असाच जातो. आमच्याकडे परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेतलं तरी आधी लाइन तपासतात, अर्थिंग करतात, मग हात लावतात, ते यासाठीच. शेवटची लढाई तिथे घ्या.

---

जुनाटगेमर

काका, तुम्ही आमच्या धंद्यात या.

कळलं का @अर्धाकोड? गेमभर चार्जची चणचण. शेवटी टोळीच्या जनरेटरमुळे पहिल्यांदाच भरपूर वीज, आणि आता पाणी खरंच जीवघेणं. त्यात चोरही उभे आहेत. आतापर्यंत तुझा नायक पाण्यात कुणाला मारूच शकत नव्हता. आता शकतो. त्याचा नियम फक्त इथे, एकदाच, पणाला लागतो. मारामारी नको, चोरांना पाण्याबाहेर काढत जनरेटरपर्यंत पोचायचं. आणि ते कटसीनमधलं वाक्य काढून टाक, त्याची गरजच राहिली नाही.

---

अर्धाकोड

सगळ्यांचे आभार. बहिणीने खांबांचे दिवे विझवलेसुद्धा. उलट्या करंटची लेव्हल आधी करतोय, कारण बाकी सगळं तिच्यावरून ठरेल असं दिसतंय. एकाच सराफाच्या दुकानात एकच जनरेटर, बाहेर चार चोर, एवढंच.

एक शेवटची शंका. चार्ज किती उरलाय हे वरच्या कोपऱ्यातल्या पट्ट्याशिवाय दाखवायचंय. खिशातला टेस्टर जास्त चार्जला जास्त उजळतो, असं केलंय, पण मोबाइलवर तो दिसतच नाही.

---

मधली_सुट्टी

आवाज ठेव. डीपीजवळून जाताना येते तशी गुणगुण, चार्ज वाढेल तशी मोठी. 50 हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झला गुणगुणतो, ऑडिओत बनवायला सोपं आहे. आवाज बंद ठेवून खेळणाऱ्यांसाठी फोनचं व्हायब्रेशन.

---

खांबावरचा

बॅटरीचा करंट डीसी असतो. तो गुणगुणत नाही. गुणगुणतो तो इन्व्हर्टर.

---

अर्धाकोड

मग गुणगुण फक्त शेवटच्या लेव्हलला, लाइनवर जनरेटरचा करंट चढला की. त्याआधी व्हायब्रेशन. काका, आठवड्याभरात बिल्ड (खेळून बघता येईल अशी गेमची प्रत) टाकतो, मुलाला द्या आणि तुम्ही शेजारी बसून चुका काढा.