सरकारनं विकत घेतलेलं मोबाइल होम पार्क: ताबा मिळाला, पण जमिनीखालचे पाइप कोण बदलणार?

ओवी_सनीवेल (धागाकर्ती)

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत एल कॅमिनो रिआल आणि लॉस रोब्लेस अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ब्वेना व्हिस्टा नावाचं मोबाइल होम पार्क आहे. बे एरियातले कितीतरी मराठी लोक ऑफिसला जाताना त्याच्यासमोरून जातात. साडेचार एकर जागा, ११७ घरकुलं, त्यातली १०४ मोबाइल होम. चारशेच्या आसपास माणसं राहतात, बहुतेक लॅटिनो कष्टकरी कुटुंबं. १९२६ साली प्रवाशांचा तळ म्हणून सुरू झालेलं हे शहरातलं एकमेव पार्क.

ही पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून टेकवलेलं घर. घर रहिवाशाचं, जमीन मालकाची. रहिवासी जागेचं भाडं भरतो. एकदा टेकवलेलं जुनं घर उचलून दुसरीकडे नेणं जवळजवळ अशक्य, कारण ते वाटेत मोडतं आणि दुसरं पार्क जुनं घर आत घेत नाही. त्यामुळे पार्क बंद झालं की राहण्याच्या सोयीबरोबर माणसाची आयुष्यभराची मालमत्ताही जाते.

२०१२ च्या अखेरीस मालक कुटुंबानं पार्क बंद करण्याचा अर्ज दिला. २०१५ मध्ये सिटी कौन्सिलनं परवानगी दिली. रहिवाशांची संघटना कोर्टात गेली, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निर्वाचित मंडळाचे सदस्य (सुपरवायझर) जो सिमिटियन यांनी पैशाची जुळवाजुळव केली, आणि २०१७ मध्ये काउंटीच्या हाउसिंग ऑथॉरिटीनं (सरकारी गृहनिर्माण संस्थेनं) ४ कोटी डॉलरपेक्षा थोडी जास्त किंमत मोजून पार्क घेतलं. शहर आणि काउंटी यांनी प्रत्येकी १ कोटी ४५ लाख डॉलर देऊ केले होते. बाकीचा भार ऑथॉरिटीचा.

माझा मुद्दा इथून पुढचा आहे. पार्कमध्ये मालकाची खरी जबाबदारी जमिनीखाली असते. पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, विजेच्या केबल, आणि वर रस्ते आणि दिवे. गंजलेला पत्रा दिसतो तो रहिवाशाच्या घराचा, पण वीज वारंवार जाते आणि ड्रेनेज तुंबतं ते मालकाच्या खात्यातलं. मालक सरकारी झाला म्हणून पाइप आपोआप नवे होत नाहीत. आता ऑथॉरिटीची योजना अशी आहे की जागेच्या एका भागावर साठेक परवडणारी अपार्टमेंट बांधायची आणि उरलेल्या भागात चाळीसच्या वर मोबाइल होम ठेवायची. मला हे पटत नाही. लोकांनी लढा दिला तो पार्क टिकवण्यासाठी. सार्वजनिक संस्थेनं पार्क घेतलं की पहिल्या दिवसापासून पाइप-वायरसाठी वेगळा निधी काढावा, टप्प्याटप्प्यानं लाइन बदलाव्यात आणि पार्क पार्कच ठेवावं. तुमची मतं वाचायला आवडतील.

कातळसडा

पूर्ण असहमत. तुम्ही सुरुवातच चुकीच्या जागी केली आहे. ते पार्क एका कुटुंबाच्या मालकीचं होतं, १९८६ पासून. त्यांना धंदा बंद करायचा होता. शहरानं अट घातली की आधी रहिवाशांना स्थलांतराचे मिळून सुमारे ८० लाख डॉलर द्या. त्यावर ते फेडरल कोर्टात गेले. पुढे ऑथॉरिटीनं सक्तीच्या संपादनाची प्रक्रियाही सुरू केली आणि मग सौदा झाला. खाजगी जमीन अशा दबावाखाली घ्यायची आणि वर करदात्यांनी पाइपही बदलून द्यायचे?

हिशेब करा. ४ कोटी भागिले ११७ म्हणजे घरकुलामागे साधारण ३ लाख ४२ हजार डॉलर, आणि त्यात घर नाहीच, नुसती जमीन. तेवढ्या पैशात किती गरजू कुटुंबांना भाड्याची मदत मिळाली असती? ज्यांना पार्कमध्ये जागा मिळाली तेच भाग्यवान, बाकीचे वेटिंग लिस्टवर.

ओवी_सनीवेल

कातळसडा, मालकाला बाजारभावाच्या जवळची किंमत मिळाली, त्यामुळे जमीन लुबाडली असा सूर योग्य नाही. आणि बे एरियात परवडणारं एक नवं अपार्टमेंट बांधायला ७ लाख डॉलरच्या वर खर्च येणं नेहमीचं झालं आहे. त्याच्या निम्म्यात इथं चारशे माणसं आपापल्या घरात राहिली, मुलांची शाळा बदलली नाही. बॅरन पार्कच्या शाळेत जाणारी मुलं हे त्या लढ्याचं एक मोठं कारण होतं.

देवराई

मी म्युनिसिपल पाणी आणि ड्रेनेजच्या कामात आहे, गेली बरीच वर्षं अमेरिकेत. ओवीताई, तुमची कळकळ समजते, पण "टप्प्याटप्प्यानं लाइन बदला" हे कागदावर सोपं आहे.

जुन्या पार्कमध्ये ड्रेनेज घरांच्या खालून गेलेलं असतं. लाइन खणायची तर घर हलवावं लागतं, आणि घर हलवलं की मोडतं हे तुम्हीच लिहिलंत. शिवाय कॅलिफोर्नियात पार्कच्या नियमांत घराघरांत किमान अंतर ठरलेलं आहे, आगीच्या धोक्यामुळे. शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या तळावर घरं एकमेकांना खेटून आहेत. जुनं घर काढून नवं आणायला गेलात की नवा नियम लागू होतो आणि त्या जागेवर घर बसतच नाही. म्हणजे पार्क "जसंच्या तसं" ठेवायचं म्हटलं तरी जागा कमी होणारच.

विजेचं तर विचारूच नका. जुन्या पार्कमधल्या अनेक जागांना ३० किंवा ५० अँपियरचा पुरवठा असतो, आजच्या घराला १०० तरी लागतात. राज्यात पार्कची जुनी वीज-गॅस यंत्रणा बदलून देणारी योजना आहे, पण ती राज्याच्या युटिलिटी आयोगाखालच्या कंपन्यांची. पालो आल्टोची वीज, गॅस, पाणी सगळं शहराच्या स्वतःच्या युटिलिटीचं, त्यामुळे ती वाट इथं थेट उपलब्ध नाही. कुणीतरी रोख पैसे घालायला हवेत.

बोरीबंदर

देवराई, माहितीबद्दल आभार. मग ऑथॉरिटीला अपार्टमेंटच का सुचतात, तेही सांगा ना.

देवराई

कारण पैसा तिथेच मिळतो. अमेरिकेत परवडणाऱ्या घरांचा सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे १९८६ च्या कायद्यातली टॅक्स क्रेडिट योजना, म्हणजे गुंतवणूकदाराला करसवलत देऊन पैसा उभा करणं. ती भाड्याच्या इमारती बांधायला चालते. पार्कच्या जागा, जिथं घर रहिवाशाचं आणि ऑथॉरिटीकडे फक्त जमीन, तिथं ती बसत नाही. पार्कच्या दुरुस्तीसाठी राज्याची एक योजना आहे, आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं २०२४ मध्ये पार्क वाचवण्यासाठी साडेबावीस कोटी डॉलरचं अनुदान काढलं, पण ते सगळ्या देशासाठी, आणि स्पर्धेतून. म्हणून मी म्हणतो, अर्ध्या जागेवर अपार्टमेंट बांधून त्या पैशातून उरलेल्या अर्ध्या पार्कच्या लाइन बदलणं हाच व्यवहार्य मार्ग आहे. माणसं त्याच कोपऱ्यावर राहतात, हे महत्त्वाचं.

ओवी_सनीवेल

माणसं राहतात, पण कोण म्हणून राहतात? आज ती घरमालक आहेत. घर कितीही जुनं असो, त्याचं टायटल त्यांच्या नावावर आहे. कॅलिफोर्नियाचा १९७८ चा मोबाइल होम रहिवासी कायदा त्यांना जे संरक्षण देतो ते सगळं साध्या भाडेकरूला मिळत नाही. भाडं वाढवायचं तर ९० दिवसांची नोटीस, ठरवून पाणी-वीज बंद करायचं तर ७२ तास आधी लेखी सूचना, धोकादायक झाड काढणं व्यवस्थापनाची जबाबदारी, आणि हाकलायचं तर कायद्यात लिहिलेलंच कारण लागतं. अपार्टमेंटमध्ये गेले की मालकी संपली, उत्पन्नाची मर्यादा लागली. मुलगी कमवायला लागली की घराचं उत्पन्न वाढलं म्हणून कागद मागवले जाणार.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीला सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला काढलेला राखीव निधी) माहीत आहे. आदर्श उपविधीत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जातो. सार्वजनिक पार्कमध्येही जमिनीखालच्या यंत्रणेची किंमत धरून असा निधी सक्तीचा करता येईल. समजा १०० जागा आहेत आणि जागेमागे महिन्याला १०० डॉलर फक्त पाइप-वायरसाठी बाजूला काढले. वर्षाला १ लाख २० हजार होतात, दहा वर्षांत १२ लाख.

देवराई

१२ लाखांत फार तर सुरुवात होईल. रस्ते उकरून पाणी, ड्रेनेज, वीज एकदम बदलायचं तर जागेमागे खर्च दहा हजारांच्या पटीत जातो. आणि हे १०० डॉलर कोण भरणार? तीच कुटुंबं, ज्यांना परवडत नाही म्हणून पार्क वाचवलं?

ओवी_सनीवेल

नाही. शहर आणि काउंटी भरतील. आज ऑथॉरिटी विकत घेण्याचे पैसे एकदा देते आणि पुढची तीस वर्षं भाड्यातून चालवा म्हणते. खरेदीच्या करारातच दरवर्षीच्या देखभालीचा वाटा लिहून घ्यायला हवा. हे न केल्यामुळे पुढे पार्क जीर्ण होतं आणि मग "आता उपाय नाही, इमारत बांधू" हे वाक्य अपरिहार्य वाटायला लागतं.

गिरगावकर

मुंबईतून लिहितोय. ओवीताईंच्या शेवटच्या वाक्यावर थांबलो, कारण आमच्याकडे हाच प्रश्न आठ दशकं चालू आहे.

१९४७ च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरमालकांनी दुरुस्ती सोडली. इमारती कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं, भाडेकरू आणि मालकांकडून सेस घेतला, आणि शहर बेटावरच्या सुमारे १९ हजार इमारतींची दुरुस्ती स्वतःच्या अंगावर घेतली. सेस होता, मंडळ होतं, कर्मचारी होते. तरी पैसा कधीच पुरला नाही. टेकू लावले, प्लास्टर केलं, आणि दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी निघते. माणसं तात्पुरती म्हणून संक्रमण शिबिरात गेली आणि त्यांच्या नातवंडांची लग्नं तिथंच झाली.

म्हणून मी देवराईंच्या बाजूनं आहे. भाडं राजकीय कारणानं खाली ठेवायचं आणि दुरुस्ती सरकारी अंदाजपत्रकाच्या भरवशावर सोडायची, यात भिंतींचं नुकसान ठरलेलंच. लोकांना आता एकदाच पक्की, कायदेशीर, मोठी घरं द्या. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणूस ५०० चौरस फुटांच्या घरात गेला, त्याला मालकीही मिळाली. त्याला जाऊन विचारा, जुनी खोली हवी होती का.

ओवी_सनीवेल

गिरगावकर, तुमच्या उदाहरणात माणसाला मालकी मिळाली. इथं उलट आहे, मालक भाडेकरू होणार. तुम्ही ज्याचं कौतुक करता तेच मी मागतेय.

गिरगावकर

हा फरक मान्य. मग अपार्टमेंट मालकीनं द्यायची मागणी करा. पार्क जसंच्या तसं ठेवायची नको.

पाणंद

कोलोराडोतून. बोल्डर शहरानं २०१७ मध्ये पाँडेरोसा नावाचं मोबाइल होम पार्क विकत घेतलं. शहराच्या उत्तर टोकाला, पुराच्या पट्ट्यात, जुन्या पाणी-ड्रेनेज लाइन. २०१३ च्या पुरानंतर आलेला मदतनिधी त्यात वापरला. दोन्ही बाजूंनी लक्ष द्यावं असं तिथं काहीतरी झालं आहे.

शहरानं पार्क हद्दीत घेतलं, आधी जमिनीखालची कामं केली, आणि मग हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीनं कायम पायावरची घरं बांधायला घेतली. ही घरं रहिवाशांना मालकीनं घेता येतात. ज्याला जुन्या मोबाइल होममध्येच राहायचं आहे त्याला हवं तितके दिवस राहू देण्याचं धोरण आहे, कुणावर सक्ती नाही. घरांचे भाग बनवायला शहर, हॅबिटॅट आणि शाळा जिल्हा यांनी मिळून एक कारखाना उभा केला.

याची किंमत वेळेत मोजावी लागली. २०१७ ला घेतलेलं पार्क अजून स्थित्यंतरातच आहे. आणि बोल्डरला साठसत्तर घरांचा प्रश्न होता, चारशे माणसांचा नाही. जागाही जास्त मोकळी. पालो आल्टोच्या साडेचार एकरांत हे जमेल असं मला वाटत नाही. पण क्रम महत्त्वाचा: आधी पाइप, मग घर, आणि मालकी शेवटपर्यंत.

चंद्रभागा

मी खाजगी पार्कच्या व्यवस्थापनात काम करते. कुणीच रोजच्या कामाबद्दल बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

पार्क चालवणं म्हणजे निम्मं काम नियम पाळून घेणं. मागच्या बाजूला न विचारता वाढवलेली खोली, दोन घरांच्या मधल्या जागेत ठेवलेली शेड, एका मीटरवरून ओढलेली दुसऱ्या घराची वायर. खाजगी मालक नोटीस लावतो आणि पाठपुरावा करतो. सार्वजनिक संस्थेनं तेच केलं की लगेच रहिवासी कौन्सिलच्या बैठकीत जातात, आणि मॅनेजरच्या हातातली नोटीस मागे घेतली जाते. नवा नियम आणायचा तर आधी रहिवाशांसोबत बैठक, संमती नसेल तर सहा महिन्यांची नोटीस. हे योग्यच आहे, पण त्यासाठी जागेवर राहणारा, स्पॅनिश बोलणारा, रात्री दोनला ड्रेनेज तुंबल्यावर उठणारा मॅनेजर हवा. कंत्राटी कंपनीला काम दिलं आणि ती दर दोन वर्षांनी बदलली तर कोणता व्हॉल्व्ह कुठं आहे हेही कुणाला माहीत राहत नाही.

ओवी, तुमचा निधी उद्या मंजूर झाला तरी तो खर्च करायला असा माणूस लागेल. आणि देवराई, तुमच्या अपार्टमेंटलाही लागेल.

कातळसडा

चंद्रभागा यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी आहे. माझा विरोध कायम आहे, पण निदान खरेदीपूर्वी पाइपांची तपासणी आणि पुढच्या तीस वर्षांचा खर्च जाहीर करा, ही अट मीही मान्य करीन.

देवराई

मीही. पालो आल्टोपुरतं बोलायचं तर अपार्टमेंटचं माझं मत कायम आहे.

ओवी_सनीवेल

आणि माझं पार्कचं. पण मालकीच्या मुद्द्यावर गिरगावकर आणि पाणंद यांनी जे लिहिलं ते मी ऑथॉरिटीच्या पुढच्या जाहीर सुनावणीत मांडणार आहे. पार्कच्या ज्या चाळीसहून अधिक जागा ठेवणार आहेत त्यांवर नवीन घर आणायला रहिवाशाला कर्ज मिळेल का, आणि जून १९७६ च्या फेडरल बांधकाम मानकाआधीचं घर असलेल्यांना बदली घर कोण देणार, हे दोन प्रश्न लेखी विचारते. देवराई, अंतराच्या नियमात किती जागा बसतील याचा आराखडा तुम्ही वाचून दिलात तर मदत होईल.