४२९४९६७२९७ मूळ संख्या नाहीये
काही जण म्हणतात की ४२९४९६७२९७ ला लहान संख्यांनी भाग जात नाही म्हणजे ती मूळच असणार. अहो, फर्मा या गणितज्ञालाही तसंच वाटलेलं! ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, आणि याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ निघाल्यात, मग कोणीही फसेल. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की ६४१ ने भाग जातो, उत्तर ६७००४१७. पण त्याने आंधळेपणाने भागत बसायची गरजच ठेवली नाही, हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ ने भागला की बाकी १ च उरते, म्हणजे तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, पाचव्या फटक्यात काम तमाम! कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून वहीवर करून बघा, भारी मजा येते.