कुत्र्याच्या केसांचे सूत: अडचण बहुधा केसांच्या निवडीत
कुत्र्याचे केस टकळीवर कातताना धागा निसटून तुटतो, अशी अडचण एकाने मला विचारली आहे; तिचे कारण बहुधा केसांच्या निवडीत असावे. सुतासाठी कात्रीने कापलेले केस घेऊ नयेत. केस गळण्याच्या दिवसांत फणीने विंचरून निघणारी आतली मऊ लव घ्यावी आणि तिच्यातले वरच्या थराचे राठ केस वेचून काढावेत, कारण तेच पुढे अंगाला टोचतात. या लवेला मेंढीच्या लोकरीसारखी कुरळी लहर नसल्याने तंतू एकमेकांना घट्ट धरत नाहीत. म्हणून पीळ अधिक द्यावा लागतो, आणि नवशिक्याने निम्मी लोकर मिसळून पिंजलेली बरी. दापोलीत आमच्या पॉमेरेनियनची लव मी अशीच कातते. (गल्लीतल्या गावठी कुत्र्याचे आखूड केस या कामाचे नाहीत.) कोकणातल्या पावसाळ्यात धुतलेली लव नीट वाळत नाही व कुबट वास धरते, तेव्हा रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता धुण्याचे काम दिवाळीनंतरच काढावे. दोन धागे एकत्र पिळून केलेल्या दुपेडी सुताची लड शेवटी पुन्हा भिजवून टांगली की पीळ बसतो. हे सूत लोकरीहून ऊबदार असते. आमच्या दमट हवेत त्याचा स्वेटर कोण घालणार, म्हणून मी आजवर मफलरच विणले, तेही पुण्याच्या नातेवाइकांसाठी.