फेरिक ऑक्साइड नॅनोरॉड: पहिल्याच फेरीत क्षमता का पडते?

प्रश्न: लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी फेरिक ऑक्साइडच्या नॅनोरॉड (अतिसूक्ष्म कांड्या) तपासतोय. लिथियम फॉइलसमोर कॉइन सेल (नाण्याच्या आकाराचा चाचणी सेल), ०.०१ ते ३ व्होल्ट. तांब्याच्या फॉइलवर लेप: ७० टक्के ऑक्साइड, २० कार्बन ब्लॅक, १० पीव्हीडीएफ (बाइंडर, म्हणजे कण एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ). पहिला डिस्चार्ज १३२०, चार्ज ८६० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. तिसाव्या फेरीला फक्त ३१०. चुकतंय कुठे?

उत्तर १: पहिल्या फेरीतला तोटा आणि नंतरची घसरण, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सैद्धांतिक क्षमता १००७ आहे. त्यावरचा आकडा मुख्यतः इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं आयन वाहून नेणारं द्रव) विघटन पावून कणांवर थर बसल्याचा. नॅनोरॉडचं पृष्ठफळ मोठं, म्हणून हा तोटाही मोठा. नंतरची घसरण मात्र कण फुगून-आकसून लेप सुटल्याची वाटते. पीव्हीडीएफ सोडा, पाण्यात विरघळणारं सोडियम सीएमसी (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) बाइंडर म्हणून घ्या. इलेक्ट्रोलाइटमध्ये १० टक्के एफईसी (फ्लुरोइथिलीन कार्बोनेट) घालून बघा.

उत्तर २: आधी ग्लव्हबॉक्समध्ये (निष्क्रिय वायू भरलेल्या हवाबंद पेटीत) सेल उघडा. सेपरेटरला (दोन इलेक्ट्रोडमधल्या पातळ पडद्याला) काळी पूड चिकटलेली आणि खाली तांबं उघडं दिसलं, की दोष बाइंडरचाच. सीएमसी रात्रभर पाण्यात विरघळू द्या, गुठळी राहिली तर लेपात भोक पडतं. लेप आधी खोलीच्या तापमानालाच सुकवा, मग व्हॅक्यूममध्ये ११० अंशांवर. घाई केली की भेगा पडतात.

प्रश्नकर्ता: सेपरेटर काळाच निघाला. सीएमसीचा लेप लावतोय.