भेटीला गेलात, तेव्हा काय झालं?

निशिगंध (धागाकर्ती)

सर्वांना सलाम. आमच्या नगरकडे कुणाच्या घरी मोठा आजार आला किंवा मयत झाली की चर्चच्या मंडळीनं ‘भेटीला’ जायचं असतं. भगिनी मंडळाच्या चार-पाच जणी, एक गीत, एक शास्त्रपाठ, प्रार्थना, चहा. वीस मिनिटांत पुढचं घर. बारा वर्षं मी हे केलं आणि आपल्याला हे छान जमतं अशी माझी समजूत होती.

सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचं बाळ आठव्या दिवशी गेलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणाले, ‘देवाला त्याच्या बागेत एक फूल हवं होतं गं.’ तिनं माझा हात बाजूला केला. झटकला नाही. नुसता उचलून गादीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. त्यानंतर ती आमच्या उपासनेला कधी आली नाही.

सध्या लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, चालू आहे, आणि तो हात अजून आठवतो, म्हणून हा धागा. आपली आशा दुसऱ्याच्या दुःखाच्या घरात घेऊन जाताना तुमचं काय झालं? जमलं ते लिहा, फसलं ते तर नक्की लिहा. प्रवचन नको. तक्रार असेल तर माणसांची, दवाखान्यांची नावं गाळा.

रात्रपाळी

मी निवृत्त सिस्टर. शिकले मिरजेला, जिथं डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना उभा केला. नोकरी मात्र बरीचशी दुसरीकडे झाली. त्यातली एक गोष्ट.

वॉर्डात एक वारकरी आजोबा होते. घशाचा कॅन्सर, नाकातून नळी, आवाज गेलेला. ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढावं लागतं, पण आजोबा तुळशीची माळ काढू देईनात. मूठ अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. मुलगा ओरडायला लागला, वॉर्डबॉय कात्री घेऊन आला. मी म्हटलं, थांबा जरा. गॉजच्या तुकड्यात माळ गुंडाळली, वर चिकटपट्टी लावून बेड नंबर लिहिला आणि त्यांना दाखवून माझ्या खिशात ठेवली. ‘तुम्ही परत येईपर्यंत इथंच राहील, आजोबा.’ तेव्हा कुठं मूठ सुटली. त्या दिवशी माझी ड्यूटी दोनला संपत होती. त्यांना बाहेर आणलं साडेचारला. माळ खिशात, मग घरी कशी जाणार?

पुढं माझ्या रात्रपाळ्या लागल्या. त्यांच्या उशाशी नातवाची पाटी असायची. एका रात्री तिच्यावर लिहिलं, ‘तुमच्या देवाला सांगा.’ मी विचारलं, काय सांगू? त्यांनी पुसून लिहिलं, ‘झोप.’ मी हात धरला आणि दोन वाक्यांत तेवढंच मागितलं. बरं होऊ दे वगैरे काही नाही, कारण ते होणार नव्हतं आणि आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. झोप लागली का? तासभर लागली. मग घशातला कफ ओढून काढायला (सक्शन) मलाच त्यांना उठवावं लागलं.

ते गेले तेव्हा घरचे पोचायच्या आत मी माळ नीट त्यांच्या गळ्यात घातली.

चर्चमध्ये मला कुणीतरी विचारलं होतं, ‘मग येशूची सुवार्ता नाही सांगितली?’ नाही सांगितली. नळी लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला न मागता काही ऐकवायचं नाही, हा माझा नियम आहे. कुणाला भेकडपणा वाटला तर वाटू दे.

झेरॉक्सवाले काका

मला प्रार्थना मोठ्यानं करता येत नाही, घसा दाटतो. त्यामुळं मयतीच्या घरी माझं काम ठरलेलं. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती, आधार, रेशनकार्ड, बँकेचा वारसाचा फॉर्म. विधवा बाईला बँकेत खिडकी-खिडकीवर नवरा वारल्याचं पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी बरोबर जातो आणि ते वाक्य मी म्हणतो.

मु. पो. सोलापूर

मी दुसऱ्या बाजूची. माझे मिस्टर अपघातात गेले. तेराव्या दिवसापर्यंत व्हॉट्सॲपवर बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं तेच वचन (सर्व काही मिळून कल्याण होतं ते) एकवीस जणांनी पाठवलं. मी मोजलं. कबुतरं, सूर्योदय आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव. वचन खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण पौलानं ते स्वतः मार खाऊन लिहिलं, तुम्ही ते फॉरवर्ड केलं.

मला उपयोगी पडलं ते ८८ वं स्तोत्र. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारावरच संपतं. आणि तरीही ते बायबलात ठेवलंय! म्हणजे असं बोलायला परवानगी आहे. ते मला कुणी पाठवलं नाही, माझं मलाच सापडलं.

आणि शेजारची मावशी. रोज संध्याकाळी यायची, भांडी घासायची, ‘येते गं’ म्हणून जायची. बस.

वसईकर

वरचं सगळं पटतं, पण थोडं भांडतो. हल्ली ‘काही बोलू नका, नुसते बसा’ याचीही फॅशन झाली आहे. माझ्या वडिलांचे शेवटचे सतरा दिवस वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात गेले. माउंट मेरीजवळचं हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं. शेवटच्या अवस्थेतले कॅन्सरचे रुग्ण ठेवतात, कुठल्याही धर्माचे, आणि पैसे घेत नाहीत. दुखणं आवाक्यात आलं, बाबा शांत झाले आणि मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, ‘फुडं काय रे?’

आम्ही तिघं भाऊ. एक म्हणायचा, पाणी देऊ का. दुसरा पंखा वाढवायचा. मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर. बसलेले सगळे होते, पण उत्तर कोणी देत नव्हतं. नुसतं बसणं हीसुद्धा पळवाट असते.

शेवटी आमच्या गावचे म्हातारे फादर आले. खुर्ची ओढून घेतली. बाबांनी त्यांनाही तेच विचारलं. फादर म्हणाले, ‘इनास, मी अजून गेलो नाय तिकडं. पण ज्याच्या हाती आपण तुझ्या आईला दिलं ना, त्याच्याच हाती तुला देणार. अनोळखी नाय तो.’ मग तेल लावलं, कम्युनियन दिलं, आणि दोघं बराच वेळ १९७० सालच्या केळीच्या भावावर बोलत बसले. नंतर बाबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. (इनास हे नाव बदललेलं आहे.)

तेव्हा आशा सांगावी लागते. फक्त विचारल्यावर, आणि स्वतःची असेल तेवढीच.

रात्रपाळी

वसईकर, कबूल. आजोबांनी पाटीवर ‘पुढे काय’ लिहिलं असतं तर मीही सांगितलं असतं.

एक पाळक

बायबलातल्या ईयोबावर सगळी संकटं कोसळली तेव्हा भेटीला आलेल्या त्याच्या तीन मित्रांना आपण नावं ठेवतो. पण ते आधी सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. मला सात मिनिटं जमत नाहीत. खिशात डायरी असते आणि आणखी चार घरं असतात.

केडगाव स्टेशन

माझी पणजी १८९७ च्या दुष्काळात इथल्या मुक्ती मिशनमध्ये आलेली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यांतली. घरात सांगतात की भुकेल्या पोराला घाईनं पोटभर जेवू घालू नये, आधी पेज द्यावी, हे बाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळात गेले होते. पणजीला त्या पहिल्या महिन्यातलं बायबलाचं काही आठवत नव्हतं. पेज आठवत होती.

निशिगंध

परवा रात्री हे सगळं वाचून मी मैत्रिणीला फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. माफी मागायचं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं, ते वाचता वाचताच अडखळले. मग विचारलं, ‘बाळाचं नाव काय ठेवणार होतात?’

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग तिनं नाव सांगितलं आणि म्हणाली, ‘यंदा पहिलीत गेला असता.’ बाकीचं आमच्या दोघींतलं.

ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात उपासना असते. ती त्याच्या कबरेपाशी येणार आहे. मी येऊ का विचारलं. म्हणाली, ‘ये. मेणबत्त्या आण. फुलं नको आणूस.’