शब्दचर्चा: गोडं पाणी, अळणी पाणी

खानापूरहून:
माहेर खानापूर, सासर अथणीकडचं. सासरी बोअरचं पाणी मचूळ. माहेरी आलं की लेक तांब्याभर पाणी पिते नि म्हणते, "इथलं गोडं आहे." परवा तिनंच विचारलं, यात साखर नाही, मग गोडं का? आणि मीठ नसलेलं ते अळणी, तर या पाण्याला अळणी का नाही म्हणायचं? मला सांगता आलं नाही.

निपाणीहून:
ताई, अळणी पाणी म्हटलं की आमच्याकडं मटणाचंच डोळ्यापुढं येतंय, तिखट-मसाला घालायच्या आधी काढून ठेवलेलं. त्यात मीठ असतंय की! मूळ शब्द 'अलवण', बिनमिठाचा. वापरता वापरता या पाण्यापुरता मिठाऐवजी मसाला नसणं एवढाच अर्थ उरला.

टिळकवाडी, बेळगावहून:
'गोडं' म्हणजे इथं खारं नसलेलं. कन्नडातही 'सिहि नीरु' म्हणतात, सिहि म्हणजे गोड. आणि 'मीठ' हा शब्द हिंदीतल्या 'मीठा'चा सख्खा भाऊ, दोघेही संस्कृत 'मृष्ट'पासून आले. गुजरातीतही मिठाला 'मीठुं'च म्हणतात. चवदार ते मीठ, असा हा प्रवास.

बेळगावहून (शरीरशास्त्र शिकवते):
लेकीचा प्रश्न फार मोलाचा आहे. पाण्याला चव नसते असं आपण पाठ करतो, पण जिभेला ते मान्य नाही. १९४९ मध्ये शरीरशास्त्रज्ञ झॉटरमन यांना बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूत नुसत्या पाण्यानं विद्युत स्पंद उठताना दिसले. त्याच पाण्यात थोडं मीठ मिसळलं की ते स्पंद थांबत.

चव ओळखणाऱ्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानानं ऋणभारित असते. खारट काही जिभेवर आलं की धनभारित सोडियम खास वाहिन्यांतून आत शिरतं, आतलं ऋणपण कमी होतं आणि मज्जातंतूला निरोप जातो. उंदरांत हे काम करणाऱ्या पेशी २०१० मध्ये नेमक्या सापडल्या. पाण्याची वाट वेगळी. २००२ मध्ये उंदरांच्या मोठ्या भावंडांत, घुशीसारख्या प्रयोगशाळेतल्या रॅट जातीत, असं दिसलं की पातळ द्रवानं पेशी फुगते, क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात, ऋणभारित क्लोराइड बाहेर पडतं आणि आतलं ऋणपण तसंच कमी होतं. मिठात धन आत येतं, पाण्यात ऋण बाहेर जातं.

२०१७ चा प्रयोग मला सर्वांत आवडतो. पाणी लाळेतलं बायकार्बोनेट धुऊन नेतं, आम्लता बदलते आणि आंबट ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात. संशोधकांनी त्याच पेशी प्रकाशानं जाग्या करता येतील अशी सोय केली. तहानलेले उंदीर कोरड्या नळीतून येणारा नुसता उजेड पाणी समजून चाटत राहिले.

मिठाच्या गुळण्या करून लगेच साधं पाणी प्या, किंचित कडवट-आंबट लागेल. जीभ आधीच्या चवीशी ताडून पाहते.

अथणीहून:
आमच्याकडं मचूळला 'सवळु'पण म्हणतेत. जमिनीलापण तोच शब्द, कृष्णाकाठी पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली ती सवळु. जन्मभर हेच प्यालेल्यांना खानापूरचं पाणी सपक वाटतंय, हे मी स्वतः अनुभवलंय. ते 'ऋणपण कमी होणं', त्याला काय शब्द म्हणायचा?

बेळगावहून:
काका, पुस्तकात 'निर्ध्रुवीकरण' आहे. मुलांसमोर मी 'भार उतरणे' म्हणते. ताप उतरतो, रंग उतरतो, तसा पेशीचा भार उतरतो. हा शब्द मुलं विसरत नाहीत.

खानापूरहून:
लेकीला वाचून दाखवलं. सासरचं पाणी रोज पिऊन तिची जीभ त्यालाच सरावली असणार, म्हणून इथलं गोडं लागतं, असं तिनंच सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: आवळा खाऊन पाणी प्यालं की ते खरोखर गोड लागतं. त्या गोडीला तुमच्या गावात वेगळा शब्द आहे का?